हिशेब देणारा आमदार
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत दिलेलें व्याख्यान)



सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख यांच्याविषयीं चार शब्द बोलावे, अशी आपण आम्हांस आज्ञा केली. थोर माणूस वारला म्हणजे त्याची आरती ओंवाळण्याची आपल्याकडे रीत आहे. आरती झाली, प्रसाद वांटला, कीं मंडळी घरोघर जातात आणि दुसऱ्या दिवसापासून जुनेंच रहाटगाडगें सुरू होतें. आम्हांस ती आरती करतां येत नाहीं. आबासाहेबांचें आयुष्य अभ्यास करण्याजोगें आहे, आणि त्यांतलीं कांहीं पानें आपणां सर्वांस अडचणींत टाकणारीं आहेत. तींही आज वाचलीं पाहिजेत.

प्रथम हकीकत ऐका. कायद्याचें शिक्षण घेतलेला हा तरुण शेतकरी कामगार पक्षांत शिरला आणि १९६२ सालीं, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकींत, सांगोल्यांतून विधानसभेवर गेला. पुढें १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४, अशा एकंदर ११ वेळां ह्या एकाच मतदारसंघानें त्यांना निवडलें. २०१९ सालीं त्यांनीं आपण होऊन उमेदवारी घेतली नाहीं. ३० जुलै २०२१ रोजीं सोलापुरांत त्यांचें देहावसान झालें.

११ हा आंकडा वर्तमानपत्रांनीं फार गाजविला. पण आंकड्याचीच पूजा करावयाची तर तामिळनाडूचे करुणानिधि १३ वेळां निवडून आले, आणि केरळांत के. एम. माणी पाला येथून १३ वेळां. तेव्हां संख्येवर भाळूं नका. ह्या यादींत जीं सालें नाहींत, त्यांकडे पाहा. १९७२ सालीं सांगोल्यानें त्यांना पाडलें. १९९५ सालीं पुन्हां पाडलें. दोन्ही वेळां तो माणूस तालुका सोडून गेला नाहीं, कीं पक्ष बदलून मागच्या दारानें सत्तेंत शिरला नाहीं. १९७२ चा दुष्काळ आठवा. माणसें रस्त्यावर खडी फोडीत होतीं आणि जनावरें दावणीला मरत होतीं. त्या काळांत गणपतराव आमदार नव्हते. आणि तरीही १९७४ सालीं लोकांनीं त्यांना परत पाठविलें. पद गेलें तरी माणूस जागेवर आहे, हें लोकांनीं पाहिलें होतें.

कोणी म्हणतात, ते धनगर समाजांतले, सांगोल्यांत तो समाज मोठा, म्हणून ते निवडून येत. आम्ही विचारतों, १९७२ आणि १९९५ सालीं तो समाज काय तालुका सोडून गेला होता? जातीच्या मतांनीं माणूस एकदां निवडून येईल, दोनदां येईल. पन्नास वर्षें टिकावयास दुसरें कांहींतरी लागतें.

तें दुसरें काय, हें सांगण्यापूर्वीं त्यांच्या पक्षाची कुळकथा सांगणें अवश्य आहे, कारण ती आपल्याच घरची आहे. ब्राह्मणेतर चळवळींत वाढलेले केशवराव जेधे काँग्रेसमध्यें गेले. पण स्वराज्य आलें तरी शेतकऱ्याचा वाली कोणी नाहीं असें पाहून त्यांनीं व शंकरराव मोरे यांनीं शेतकरी कामगार पक्ष काढला. १९५० सालीं दाभाडी येथें पक्षाचा जाहीरनामा ठरला. आणि मग काय झालें? १९५४ सालीं खुद्द जेधे काँग्रेसमध्यें परतले. मोरे परतले. १९६० च्या सुमारास यशवंतराव मोहिते गेले. ज्यांनीं घर बांधलें तेच एकेक करून बाहेर पडले. १९६२ सालीं २६४ जागांपैकीं २१५ काँग्रेसनें जिंकल्या, आणि ह्या पक्षाला मिळाल्या १५. अशा पडत्या काळांत गणपतराव प्रथम निवडून आले, आणि मरेपर्यंत त्यांनीं तें घर सोडलें नाहीं. मंत्रिपद त्यांना दोनदांच मिळालें: १९७८ च्या पुलोद सरकारांत आणि १९९९ च्या विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळांत. २००२ सालीं पक्षानें त्या सरकारशीं फारकत घेतली, तेव्हां तेंही गेलें. बाकीचा बहुतेक सारा काळ विरोधी बांकांवर.

विरोधी बांकांवरचा आमदार लोकांना काय देऊं शकतो? आमचे तरुण कार्यकर्ते नेहमीं विचारतात, सत्तेशिवाय कामें कशीं होणार? त्यांनीं सांगोल्याला जाऊन पाहावें. तो तालुका पर्जन्यछायेंतला. माण नदी वर्षाचे कितीतरी महिने कोरडी. कापसाचा तर तो मुलूखच नव्हे. तरी तेथें शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी सूतगिरणी उभी राहिली, आणि ज्या काळांत राज्यांतील कितीतरी गिरण्यांना टाळीं लागलीं, त्या काळांत ती चालली. कृष्णेचें पाणी दुष्काळी मुलखाला मिळावें म्हणून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनीं १९९३ पासून आटपाडी येथें १३ दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरविली. गणपतराव तिच्या आघाडीवर होते. टेंभूचें पाणी टप्प्याटप्प्यानें उचलून सांगोल्याकडे आलें, त्यामागें लोकांचा असा वर्षानुवर्षांचा रेटा आहे. रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला, आणि १९९० नंतर त्याच योजनेंतून फळबागा लावतां येऊं लागल्या. ज्या माळावर कुसळ उगवे, तेथें डाळिंब लागलें. ह्यांतलें एकही काम एकट्या माणसाचें नव्हे. परंतु लोकांनीं सरकारकडे काय मागावें, आणि मिळेपर्यंत मागत कसें राहावें, हें शिकविणारा माणूस तेथें हजर होता.

आतां त्या दुसऱ्या गोष्टीकडे येतों. गणपतराव एस. टी.च्या लाल गाडीनें प्रवास करीत, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. लोक तिला साधेपणा म्हणतात आणि डोळे पुसतात. आम्ही तिच्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहतों. एस. टी.तल्या आमदाराला कोणीही गांठूं शकतो. शेजारच्या बांकावरचा शेतकरी विचारतो, "आबा, आमच्या बंधाऱ्याचें काय झालें?" आणि पुढचा थांबा येईपर्यंत आमदाराला तेथून उठून जातां येत नाहीं, उत्तर द्यावेंच लागतें. कांचा वर केलेल्या मोटारींत हा प्रश्न पोंचत नाहीं. मतदार आणि प्रतिनिधि यांच्यामधला हिशेब पन्नास वर्षें रोज उघडा राहिला, हेंच त्यांच्या टिकण्याचें कारण, असें आमचें मत आहे.

आतां तें अडचणीचें पान. १९६२ सालीं १५ आमदार असलेल्या पक्षाचे २०१४ सालीं ३ उरले, २०१९ सालीं १. म्हणजे एक वड वाढत राहिला आणि भोंवतालचें रान विरळ होत गेलें. असा दुसरा, तिसरा, दहावा माणूस कां तयार झाला नाहीं? ह्याचा दोष एकट्या गणपतरावांवर घालणें अन्याय होईल. पण ज्या पक्षानें त्यांचे सत्कार केले, त्यानें त्यांची शिस्त तालुक्यातालुक्यांत नेली काय, हें विचारलेंच पाहिजे. आणखी एक. २०१९ सालीं त्यांच्या जागीं त्यांचे नातू डॉ. अनिकेत उभे राहिले व ७६८ मतांनीं पडले. २०२४ सालीं दुसरे नातू डॉ. बाबासाहेब निवडून आले. तरुणांची लायकी मतदार ठरवतील. त्यांनीं एकाला पाडलें, एकाला निवडलें, तो त्यांचा अधिकार आहे. परंतु जन्मानें मिळणारा मान जोतीरावांनीं आपल्याला नाकारावयास शिकविला. भटाच्या वतनाला आपण हरकत घ्यावी आणि आपल्या पुढाऱ्यांच्या वतनाला मान डोलवावी, हें सत्यशोधकांच्या वारसांना शोभत नाहीं. शोधूनही घराबाहेर माणूस मिळत नसेल, तर तें संघटनेचें दिवाळें समजावें.

म्हणून बंधूंनो, आपापल्या गांवीं परत जाल तेव्हां गणपतरावांची तसबीर लावण्याची घाई करूं नका. आपल्या आमदाराला, जिल्हा परिषदेच्या सभासदाला, सरपंचाला वर्षांतून एकदां चावडीवर बोलवा. काय मागितलें होतें, काय केलें, काय राहिलें, तें सर्वांदेखत विचारा. तो आपल्या जातीचा असला तर दोन प्रश्न अधिक विचारा. जो उत्तर देईल त्याला पुन्हां निवडा. जो टाळील त्याला घरीं बसवा. सांगोल्यानें आपल्या लाडक्या माणसालाही दोनदां घरीं बसविलें होतें, आणि तो कुरकुर न करितां पुन्हां लोकांपुढें उभा राहिला होता.