पानावरून भिंतीवर

चित्रकथा ही मुलांनी दुपारच्या वेळी वाचावी, वडीलधाऱ्यांनी त्यांच्या हातून काढून घ्यावी आणि महिनाअखेर तिची रवानगी रद्दीत व्हावी, असा समज पुष्कळ काळ जगात सर्वत्र होता. बेल्जियमसारख्या देशातही, जेथे ही कला विशेष बहरली, आरंभीची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. ब्रसेल्समधील एका दैनिकाच्या बालपुरवणीत १० जानेवारी १९२९ रोजी टिनटिन नावाचा तरुण बातमीदार प्रथम अवतरला. त्याचा जनक एर्जे याने १९३६ मध्ये ‘निळे कमळ’ या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी एक रंगीत चित्र काढले. ते छापणे फार खर्चाचे ठरल्यामुळे बाजूस पडले. पुढे एर्जेने ते प्रकाशकाच्या लहान मुलास देऊन टाकले व घडी घातलेल्या स्थितीत ते वर्षानुवर्षे खणात राहिले, अशी हकिकत विक्रीच्या वेळी सांगण्यात आली. तेच चित्र जानेवारी २०२१ मध्ये पॅरिस येथील लिलावात सुमारे ३२ लाख युरोंना विकले गेले.

एवढी किंमत आली म्हणजे कलेस मान मिळाला, असे म्हणावयाचे काय? या प्रश्नाचे उत्तर लिलावगृहात मिळणार नाही. त्यासाठी ब्रसेल्स शहराच्या दोन जागांकडे पाहिले पाहिजे. एक आहे संग्रहालय आणि दुसरी रस्ता.

व्हिक्टर होर्ता या थोर वास्तुशिल्पज्ञाने १९०६ मध्ये ब्रसेल्समध्ये कापडाच्या एका घाऊक व्यापाऱ्यासाठी लोखंड व काच यांची सुंदर इमारत उभारली होती. व्यापार १९७० मध्ये बंद पडला व इमारत ओस पडली. ती वाचविण्याच्या खटपटीतूनच १९८९ मध्ये तेथे चित्रकथांचे केंद्र उघडले. छापील पानावर कधीही न दिसणाऱ्या गोष्टी तेथे दृष्टीस पडतात. मूळ कागद छापील पानाहून बहुधा मोठा असतो. शाईच्या रेषेखाली पेन्सिलीची चाचपडणारी रेषा असते, चुकलेल्या जागी पांढऱ्या रंगाचा लेप असतो. सहज हसविणाऱ्या एका चौकटीमागे केवढी मेहनत असते, हे तो कागद सांगून जातो. हे संग्रहालयाचे उपकार मान्य केलेच पाहिजेत.

परंतु तेथे काही हरवतेही. चित्रकथा हा चौकटींचा प्रवाह आहे. एका चौकटीतील हाक पुढच्या चौकटीत ऐकू येते, पान उलटताच संकट उभे राहते. त्यातले एकच पान काचेमागे टांगले म्हणजे प्रेक्षक रेषेची वाहवा करतो, पण पुढे काय झाले, हे विचारण्याचे त्यास सुचत नाही. शिवाय संग्रहालयात जो जातो, तो मुळातच आवडीने जातो. ज्यास या कलेशी कर्तव्य नाही, त्याची व तिची तेथे गाठ पडत नाही.

ती गाठ रस्त्यावर पडली. १९९१ मध्ये शहराने उघड्या पडलेल्या भिंतींवर चित्रकथांतील प्रसंग रंगविण्यास सुरुवात केली. आरंभ फ्रांक पे यांच्या ‘ब्रूसाय’ या नायकापासून झाला. २००५ मध्ये एका गल्लीत टिनटिन, कॅप्टन हॅडॉक व त्यांचा कुत्रा लोखंडी जिन्यावरून उतरू लागले. आज अशी पन्नासाहून अधिक चित्रे शहरभर आहेत. त्यांस तिकीट नाही, दरवाजा नाही. पाव आणावयास निघालेली म्हातारी, शाळेत जाणारे मूल, कामावरून परतणारा मजूर हे सर्व त्यांचे नित्याचे प्रेक्षक होत.

आणि असे प्रेक्षक नुसते पाहून थांबत नाहीत. ब्रूसायच्या चित्रात दोन तरुण व्यक्ती हातात हात गुंफून चालल्या आहेत. त्यांतील दुसरी व्यक्ती कथेप्रमाणे त्याची मैत्रीण होय. परंतु रेखाटन असे की, पाहणाऱ्यास ते दोघे पुरुषही वाटावेत. त्या भागात समलिंगी मंडळींची वर्दळ असल्याने त्यांनी ते चित्र आपलेच मानले. चित्रकाराच्या कथेवर वस्तीने स्वतःचा अर्थ चढविला, आणि कोणाचेही त्यात नुकसान झाले नाही.

दर वेळी मात्र गोष्ट इतकी सुखाची नसते. काँगो १९६० पर्यंत बेल्जियमची वसाहत होती. एर्जे त्या देशात कधीही गेला नव्हता. तरी १९३० मध्ये त्याने टिनटिनला तेथे धाडले व तेथील माणसे भोळसट, हास्यास्पद अशी रंगविली. २००७ मध्ये ब्रसेल्समध्ये राहणाऱ्या एका काँगोली गृहस्थाने या पुस्तकाविरुद्ध दाद मागितली. २०१२ मध्ये न्यायालयाने, लेखकाचा हेतू द्वेष पसरविण्याचा नव्हता, असे म्हणून मागणी फेटाळली. कायद्याचा प्रश्न तेथे संपला, शेजाऱ्याचा संपला नाही. ज्याच्या आजोबांचे चित्र असे काढले गेले, तो आज त्याच शहराचा नागरिक आहे. म्हणूनच भिंतींवरील चित्रांत स्त्रिया व आफ्रिकी माणसे कशी दिसतात, असे प्रश्न अलीकडे तेथे विचारले जातात.

हे प्रश्न कलेच्या वैऱ्यांचे आहेत, असे मानणे चुकीचे होईल. पुस्तक आवडले नाही तर मिटता येते. घरासमोरची भिंत मिटता येत नाही. तेव्हा तिच्यावर कोण हसणार आणि कोणास हसणार, हे ठरविताना त्या गल्लीतल्या माणसास विचारणे हा साधा शेजारधर्म आहे. संग्रहालय कलेस आदर देते, लिलाव किंमत देतो. पण लोक तिच्याशी भांडू लागतात, तेव्हा त्यांनी तिला आपल्या घरचे मानलेले असते. रद्दीत जाणाऱ्या कागदाशी कोणी भांडत नाही.