पासवर्ड ठेवा, पण सापडेल असा

पतसंस्था, दुकानं, शाळा यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारी बरीच तरुण मंडळी आता सातारा-सांगलीतच बसून काम करतात. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी. पण अशी सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांनीही कान द्यावा.

प्रोग्रॅमला लागणारा पासवर्ड साध्या फाइलीत लिहून ठेवू नये, हे सगळ्यांना पाठ असतं. लिनक्सवर त्यासाठी लिबसिक्रेट नावाची लायब्ररी आहे. तिच्यामार्फत पासवर्ड कुलूपबंद राहतो. पण तो परत काढायचा कसा? त्यासाठी प्रत्येक पासवर्डला गुणधर्म जोडावे लागतात: सर्व्हर, पोर्ट, वापरकर्ता वगैरे. यांतले कोणते घ्यायचे, आणि प्रत्येक गुणधर्म मजकूर, पूर्णांक की नुसतं हो-नाही, हे आधी ठरवून देणं म्हणजे स्कीमा. घोळ होतो तो इथंच.

समजा, कराड आणि मिरज शाखांचे पासवर्ड ठेवायचे आहेत आणि स्कीमात फक्त वापरकर्त्याचं नाव आहे. दोन्हीकडं ते 'अ‍ॅडमिन'च असणार! कराडचा ठेवला, मग मिरजेचा ठेवला, की कराडचा गेला. गुणधर्म तेच दिसले की जुन्या नोंदीवर नवी लिहिली जाते, आणि कुणी काही सांगतही नाही.

मग बँकेचं, शाखेचं नाव घालायचा मोह होतो. तो आपल्या भागानं तरी टाळावा. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये विलीन झाली, सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये. अहो, सांगली जिल्हाच १९६० पर्यंत दक्षिण सातारा होता! नाव बदललं की नव्या नावानं शोधणाऱ्या प्रोग्रॅमला जुनी नोंद सापडत नाही. ती मात्र आत तशीच पडून राहते. म्हणून गुणधर्मात तुम्हीच दिलेला, कधीही न बदलणारा क्रमांक असावा. नाव लेबलात घाला. लेबल माणसाला वाचण्यासाठी असतं, प्रोग्रॅमनं त्यावरून शोधायचं नसतं. पासवर्ड बदलल्याची तारीखही गुणधर्मात नको, नाहीतर दर बदलाला नवी नोंद तयार होईल.

आणि सर्वांत महत्त्वाचं: गुप्त राखला जातो तो पासवर्ड, गुणधर्म नव्हेत. ते उघडेही साठवलेले असू शकतात. तिथं पिन, आधार क्रमांक किंवा ग्राहकाचा मोबाइल नंबर अजिबात लिहू नका.

विकत घेणाऱ्यांनी एवढंच विचारावं, "पासवर्ड कुठं ठेवता आणि त्याच्या गुणधर्मांत काय लिहिता?" सरळ उत्तर मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.