परदेशच्या रस्त्यावर गाडी हाकताना



वसंत व्याख्यानमालेत वेदान्तापासून विज्ञानापर्यंतचे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. आजचा विषय थोडा पेट्रोलच्या वासाचा निघाला, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. परंतु 1910 मध्ये शेजारी किर्लोस्करवाडी वसली, तेव्हापासून या भागाला यंत्र काही परके राहिलेले नाही. आता तर इथल्या घरांतली मुले परदेशी नोकरी करतात आणि आईबाप दोन-तीन महिने त्यांच्याकडे राहून येतात. तिथे मुलगा म्हणतो, "बाबा, चालवून बघा की!" आणि कऱ्हाड-तासगाव रस्त्यावर उभा जन्म काढलेला बाप ऐटीत चाकावर बसतो. आम्हीही असेच बसलो होतो.

गाव लंडन. तिथेही गाडी डावीकडून चालते आणि चाक उजव्या हाताला असते. तेव्हा आम्हांला वाटले, यात नवे ते काय? अर्ध्या तासात भ्रम फिटला. पुढची गाडी हलली की आम्ही जोरात पुढे, ती थांबली की कचकन ब्रेक. एका चौकात रस्त्यावर पिवळ्या तिरप्या रेघांची जाळी रंगवलेली होती. पलीकडे जागा नसताना आम्ही तिच्यात शिरलो आणि अडकलो. दिवा बदलला, आडव्या रस्त्याच्या गाड्या आमच्यामुळे खोळंबल्या. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी शिवी दिली नाही. त्या शांततेनेच आम्ही अधिक शरमलो. पुढे दंडाची नोटीस घरी आली. मुलाने मुकाट्याने पैसे भरले.

ही जाळी ब्रिटनमध्ये 1967 पासून आहे. नियम साधा : सरळ जायचे असेल, तर पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा मोकळी दिसल्याशिवाय तिच्यात चाक घालायचे नाही. चौक मोकळा राहिला तर सगळे पुढे जातात. एकाने अडवला तर चारी बाजू अडतात, आणि अडवणारा स्वतःही कुठे पोचत नाही.

त्या रात्री आम्हांला आठवण झाली ती आपल्या उसाच्या गाडीवानाची. भरली गाडी एकदा उभी केली की पुन्हा हलवताना बैलांच्या खांद्यावर काय येते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून तो पुढचा चढ आणि समोरून येणारी गाडी दुरूनच पाहतो, कासरा अलगद आवरतो, आणि होता होईतो चाक फिरते ठेवतो. मोटारीचेही तसेच आहे. फरक इतकाच की तिचे बैल दिसत नाहीत आणि ते धापा टाकीत नाहीत. म्हणून आपल्याला त्यांची दया येत नाही.

थोडा हिशेब करू. हजार किलो वजनाची मोटार थांबलेल्या स्थितीतून ताशी 50 किलोमीटर वेगाला आणायची आहे. पेट्रोलमधल्या उष्णतेचा चौथा भाग कामी येतो असे धरले, तर केवळ हा वेग देण्यासाठी सुमारे 12 मिलिलिटर पेट्रोल लागते. म्हणजे चहाचे दोन-अडीच चमचे. ब्रेक दाबला की ते सारे ब्रेक तापवण्यात जाते. असे शंभर वेळा झाले की लिटरभराहून अधिक पेट्रोल गेले. वेग दुप्पट केला तर ही किंमत चौपट होते. विजेच्या गाड्या यातला काही भाग परत बॅटरीत भरतात. नुसत्या पेट्रोलच्या गाडीला ती सोय नाही.

म्हणून गर्दीत चालवण्याची कला आणि पेट्रोल वाचवण्याची कला या दोन नाहीत, एकच आहे : दूरवर पाहणे. ब्रिटनच्या नियमपुस्तिकेत वेगाच्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर सांगितले आहे. पावसात त्याच्या दुप्पट. पुढे तांबडा दिवा दिसला की पाय आधीच उचलावा, पण गाडी गियरमध्येच असू द्यावी. आजच्या इंजिनात अशा वेळी इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन थोडे थोडे पीतच राहते. कुंभार्ली घाट उतरताना इंजिन बंद करणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्यांनी ध्यानात ठेवावे की इंजिनाबरोबर ब्रेकला मिळणारी मदतही जाते. तो काटकसरीचा नव्हे, जिवाचा सौदा आहे. चाकांत हवा पुरेशी असावी आणि गाडी बराच वेळ उभी राहणार असेल तर इंजिन बंद करावे. ब्रिटनमध्ये रस्त्यावर उभ्या गाडीचे इंजिन विनाकारण चालू ठेवणे हा नियमभंगच आहे.

जाणाऱ्यांसाठी आणखी दोन शब्द. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी इथल्या आरटीओकडूनच काढावा. त्याची मुदत फार तर एक वर्ष असते. मुलाच्या गाडीच्या विम्यात आपले नाव आहे का, ते विचारावे. जर्मनीत आणि अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, तेव्हा पहिले काही दिवस चाकाला हात न लावलेला बरा. आणि सर्वांत मोठी बचत म्हणजे शहराच्या पोटात गाडी न नेणे. सिंगापूरने 1975 मध्ये गर्दीच्या भागात शिरणाऱ्या मोटारींवर कर बसवला. लंडनने 2003 मध्ये तेच केले. आरंभी दिवसाला 5 पौंड, पुढे तो वाढत गेला. आम्हीही नंतर गाडी घरी ठेवून भुयारी रेल्वेने हिंडू लागलो, आणि लंडन खरे पाहिले ते तेव्हाच.

"हे सारे परदेशचे; त्याचे पलूसला काय?" असे कोणी विचारील. गळिताचा हंगाम सुरू झाला की कुंडलच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आठवा. संध्याकाळची वेळ, मागे दिवा नाही, आणि पाठीमागून घाईने येणारा मोटारसायकलवाला. ताशी 60 ऐवजी 50 ने गेले तर दहा किलोमीटरला दोन मिनिटे अधिक लागतात. त्या दोन मिनिटांपायी काय गमावले जाते, हे या मांडवातल्या किती घरांना ठाऊक आहे, ते आम्ही विचारणार नाही. दोन सेकंदांचे अंतर लंडनपेक्षा इथे अधिक हवे आहे. आणि ट्रॉलीच्या मागे लावायचा चकाकणारा पत्रा परदेशातून आणावा लागत नाही.

आपला देश खनिज तेलाच्या पाच भागांपैकी चार भागांहून अधिक तेल बाहेरून विकत घेतो. ते जपून वापरणे हे कर्तव्य आहेच. पण पेट्रोल पुन्हा विकत मिळते. रस्त्यावर गेलेले माणूस मिळत नाही. सुदैवाने दोन्ही वाचवण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो आपल्या गाडीवानाला आपल्या आधीपासून ठाऊक होता.

 घरी जाताना सावकाश जावे.