सातबाऱ्यावरची आडवी रेष
(रेडिओवरील भाषण)



सातबारा म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. निफाडचा द्राक्ष बागाईतदार असो की सुरगाण्याचा भातशेतकरी. पीककर्ज, वाटणी, खरेदीखत, कशालाही हा उतारा लागतोच. वर गाव नमुना सात, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे. खाली गाव नमुना बारा, म्हणजे तिच्यात काय पिकलं. या उताऱ्याच्या कायद्यावर मी आज बोलणार नाही. त्याच्या तक्त्यातली एकेक चौकट दिसते कशी, यावर बोलणार आहे. संगणकाच्या पडद्यावर माहितीचे तक्ते मांडणं हे माझं रोजचं काम. चौकटीच्या दिसण्याला किती किंमत असते, हे समजावून सांगायला सातबाऱ्यासारखं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

२०२० साली शासनाने सातबाऱ्याचा नमुना बदलला. गावाच्या नावाशेजारी संकेतांक आला. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्र, यांची बेरीज दिसू लागली. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेष आली. पण माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा बदल वेगळा आहे. मयत खातेदाराचं नाव, फिटलेल्या कर्जाचा बोजा, अशा कमी झालेल्या नोंदी पूर्वी कंस करून दाखवत. नव्या नमुन्यात त्यांच्यावर आडवी रेष मारलेली असते.

एवढ्याशा रेषेने काय होतं? कंस हा दोन टोकांना असतो, मधल्या मजकुरावर नसतो. एकाच गटात आजोबा, त्यांचे तीन भाऊ, मग वारसांची दहा-बारा नावं अशी लांब यादी असली, की कंस कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे शोधण्यातच डोळे शिणतात. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर तर तो कंस पुसटून जातो, आणि कमी झालेलं नाव चालू नावासारखंच दिसायला लागतं. रेष मात्र नावाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जाते. कुठूनही नजर टाकली तरी कळतं, की हे नाव आता चालू नाही. नाव वाचताही येतं, कारण जुनी नोंद पुसून टाकायची नसते. जमीन आजोबांकडून वडिलांकडे कशी आली, हे त्या खोडलेल्या नावांवरून आणि त्यांच्याजवळच्या फेरफार क्रमांकावरून, म्हणजे हक्कातल्या बदलाच्या नोंदीच्या क्रमांकावरून, कळतं.

नोंदीची स्थिती तिच्या दिसण्यावरूनच कळावी, ही जाण हाताने सातबारा लिहायच्या काळातही होती. फेरफाराची नोंद मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित करेपर्यंत तलाठी सातबाऱ्यावर ती पेन्सिलने घेत. नोंद प्रमाणित झाली, की मग शाई. पेन्सिलीचं अक्षर दिसलं, की वाचणाऱ्याला न विचारता कळे: हे अजून पक्कं नाही, हरकत येऊ शकते. नव्या नमुन्यात प्रलंबित फेरफाराची माहिती स्वतंत्र लिहून येते, हे चांगलंच आहे. जमीन विकत घेणाऱ्याने आधी तीच जागा बघावी.

पडद्यावर तक्ता करताना नवशिक्या माणसाचा हात पहिल्यांदा रंगाकडे जातो. चालू नोंद हिरवी, कमी झालेली लाल, प्रलंबित पिवळी. पडद्यावर सुरेख दिसतं. पण सेतू केंद्रातलं छपाईयंत्र काळ्या-पांढऱ्यात छापतं, आणि तिथे लाल नि हिरवा दोन्ही सारखेच करडे होतात. दुपारी बागेत उभं राहून मोबाईलवर उतारा उघडला, तर उन्हात फिका पिवळा दिसतच नाही. कितीतरी पुरुषांना लाल आणि हिरव्यातला फरक ओळखता येत नाही, त्यांचं काय? म्हणून संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत यासाठी जगभर जे नियम पाळले जातात, त्यांत स्पष्ट सांगितलं आहे, की कुठलाही अर्थ केवळ रंगावर सोपवू नये. आणि साध्या आकाराच्या अक्षरांचा मागच्या पार्श्वभूमीशी उठाव निदान साडेचारास एक असावा. सातबाऱ्यावरची रेष या कसोटीला उतरते. छापली तरी टिकते, उन्हातही दिसते.

आता आतली गोष्ट सांगतो. चौकट रंगवायची किंवा खोडायची कुणी? हाताने एकेक चौकट रंगवत बसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तिथेच घात होतो. पडद्यावर हजार ओळींचा तक्ता दिसतो, तेव्हा बऱ्याचदा संगणक हजार ओळी काढत नाही. समोर मावतील तेवढ्या, वीस-पंचवीस ओळींच्या चौकटी तयार करतो, आणि तुम्ही बोटाने वर सरकवलं की त्याच चौकटींत पुढची नावं भरतो. एस.टी.त जागा तीच राहते, माणसं उतरतात आणि नवी चढतात, तसं. मग तुम्ही चौकटीवर रेष मारली असेल आणि नोंदीवर नाही, तर ओळी सरकल्यावर ती रेष तिथेच राहते आणि तिच्याखाली दुसऱ्याच माणसाचं नाव येतं. हयात खातेदार खोडलेला दिसतो. नावांचा क्रम बदलला तरी हेच. ज्याच्या पोटापाण्याची जमीन त्या ओळीत आहे, त्याच्या छातीत धस्स होईल की नाही?

याला उपाय एकच. ‘ही नोंद कमी झाली आहे’ ही खूण नोंदीच्या माहितीतच असली पाहिजे. चौकट भरताना संगणकाने दर वेळी ती खूण वाचायची, आणि असेल तर रेष लावायची, नसेल तर आधीची रेष काढून टाकायची. हे दुसरं वाक्य, काढून टाकायचं, लिहायला लोक विसरतात. रेष कशी दिसावी, किती जाड, कोणत्या छटेची, हे एकाच ठिकाणी वेगळं लिहून ठेवावं, म्हणजे उद्या बदल करायचा तर एकदाच करावा लागतो.

आकडे चौकटीत कसे दिसतात, तेही तितकंच महत्त्वाचं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. शंभर आरचा एक हेक्टर. शून्य पूर्णांक चाळीस म्हणजे चाळीस आर, साधारण एक एकर. शून्य पूर्णांक शून्य चार म्हणजे चारच आर, जेमतेम चार गुंठे. हे आकडे चौकटीत डावीकडून लावले, तर १२.५० आणि ०.८५ यांचे दशांश एकाखाली एक येत नाहीत आणि नजर फसते. आकडे उजवीकडून लावावेत, दशांशानंतर सगळीकडे तितकीच घरं ठेवावीत, आणि प्रत्येक अंकाला सारखी रुंदी असणारा टंक निवडावा. एकाखाली एक आर आले, की कुणाचा हिस्सा मोठा हे बेरीज न करता दिसतं.

लासलगावच्या कांद्याच्या भावाचा तक्ता तर आपल्याकडे घरोघर मोबाईलवर बघतात: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. त्यात मला रिकाम्या चौकटीची काळजी वाटते. सुट्टीमुळे लिलाव बंद असेल आणि दराच्या चौकटीत शून्य छापलं, तर त्याचा अर्थ कांदा फुकट गेला असा होतो. तिथे ‘लिलाव बंद’ हेच शब्द हवेत. भाव चढला की हिरवा आणि उतरला की लाल, ही पद्धतही सरसकट उचलू नये. चीन-जपानच्या शेअर बाजारात लाल म्हणजे तेजी. आणि कांद्याची तेजी शेतकऱ्याला दिलासा, तर शहरातल्या गृहिणीला चिंता. बाण दाखवावा, किती रुपयांनी फरक पडला तो आकडा लिहावा. बरं-वाईट ज्याचं त्याने ठरवावं.

शेवटी एक मागणी. दृष्टिहीन माणसं मोबाईलला मजकूर मोठ्याने वाचायला लावतात. बहुतेक वेळा हे वाचन नावावरच्या रेषेचा उल्लेखच करत नाही. खोडलेलं नाव चालू नावासारखंच ऐकू येतं. म्हणजे डोळ्यांसाठी सुटलेला कंसाचा प्रश्न कानांसाठी शिल्लकच आहे. तक्ते मांडण्याच्या साधनांत, पडद्यावर न दिसणारा पण वाचून दाखवला जाणारा शब्द चौकटीत ठेवण्याची सोय असते. खोडलेल्या प्रत्येक नावाआधी ‘कमी केलेली नोंद’ एवढे तीन शब्द तसे ठेवायला फार तर दोन-चार ओळींचं काम पडतं. जमिनीचे, भावाचे, अनुदानाचे तक्ते जे कुणी करत असतील, त्यांनी ते काम आधी करावं.