पळून जाऊन विवाह : कायदा काय सांगतो?



अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, 'मुलगी पळून गेली' हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत आजही कुजबुजतच उच्चारले जाते. आईवडील पहिली धाव पोलीस ठाण्याकडे घेतात. तेथे कायद्याचा पहिला प्रश्न जातीचा वा प्रतिष्ठेचा नसतो, वयाचा असतो.

मुलगी १८ वर्षांखालील असेल, तर तिच्या संमतीला कायदा मोल देत नाही. तिला नेणाऱ्यावर अपहरणाचा आणि शरीरसंबंध आला असल्यास २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याचाही गुन्हा दाखल होतो. परंतु ती सज्ञान असेल आणि 'स्वखुशीने गेले' असा जबाब देत असेल, तर पोलीस तिला बळाने माहेरी आणू शकत नाहीत. लता सिंह (२००६) आणि शक्ती वाहिनी (२०१८) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना उलट संरक्षणच देण्यास सांगितले आहे.

आता तरुणांविषयी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार वर २१ आणि वधू १८ वर्षांची हवी. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस कार्यालयात लावली जाते, ३० दिवसांनी तीन साक्षीदारांसमक्ष विवाह होतो. आक्षेप कायद्यातील कारणांवरच घेता येतो. पालकांची नाराजी हे कारण नव्हे.

ही मुदत टाळण्यासाठी दलाल 'तासाभरात लग्न' लावून देतात. दोघे हिंदू असतील, तर १९५५ च्या कायद्याला नोटीस लागत नाही हे खरे. पण विधी लागतातच. विधीविना मिळवलेल्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. उद्या नवऱ्याने हात वर केले, तर त्या कागदाच्या आधारे मुलीने पोटगी तरी कशी मागावी?

संतापलेले वडील 'तुझा हक्क संपला' म्हणतात. स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र ते हवे तसे करू शकतात. परंतु वडिलोपार्जित मालमत्तेतील २००५ च्या दुरुस्तीने मिळालेला कन्येचा हक्क पळून गेल्याने बुडत नाही.

नोटिशीचे ३० दिवस अनेकांना जाच वाटतात. मात्र त्याच दिवसांत मुलीने घरी सांगण्याचे आणि घराने ऐकून घेण्याचे धैर्य दाखवले, तर कित्येकींना पळावेच लागणार नाही. कायदा विवाह वैध ठरवू शकतो. माहेरचे दार उघडे ठेवणे मात्र घराच्याच हाती आहे.