उबवणीची खोली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'बिझनेस इन्क्युबेटर' या जडजंबाल नावाला भिऊ नका. इन्क्युबेटर म्हणजे अंडी उबवण्याचे यंत्र! धंद्याला हे नाव कसे चिकटले ती हकीकत मोठी मौजेची आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया नावाचे गाव आहे. तिथला शेतीअवजारांचा भलामोठा कारखाना बंद पडला आणि गावात बेकारी माजली. ती इमारत मँकूसो कुटुंबाने घेतली. सबंध जागा घेणारा एकही बडा भाडेकरू मिळेना. तेव्हा १९५९ साली जोसेफ मँकूसो यांनी तिचे तुकडे पाडून लहान धंदेवाल्यांना दिले. कचेरीची सोय सामाईक ठेवली, सल्लाही दिला. भाडेकऱ्यांत एक कोंबडीची पिल्ले उबवणारा होता. त्यावरून मँकूसो थट्टेने आपल्या इमारतीला इन्क्युबेटर म्हणू लागले.

त्याच १९५९ साली, १५ मार्चला, आपल्या गिरगावात सात बायका गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. तेच पुढे लिज्जत झाले. त्या गच्चीला कुणी इन्क्युबेटर म्हटले नाही, ही गोष्ट निराळी.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे. तिथे नव्या उद्योजकांना महागडी उपकरणे वापरायला मिळतात. आपल्याला उपकरणे नकोत. भाजणी दळायची चक्की, वजनकाटा आणि हिशेब समजावणारे माणूस असले की पुष्कळ झाले.

आता थोडे कडू बोलते. आपली मागची खोली दुपारी १२ ते ४ बंदच असते. दोन वर्षांपूर्वी एका भगिनीने ती चकलीच्या भाजणीसाठी मागितली. आपण मोठ्या मनाने दिली, फुकट दिली. पण मुदत ठरवली नाही, कागद केला नाही. ऐन दिवाळीच्या तोंडावर कोजागिरीच्या कार्यक्रमासाठी खोली रिकामी करून मागितली. बाईने चकार शब्द न काढता डबे रिक्षात घातले. मागणी अर्धीच पुरी झाली, गिऱ्हाइके तुटली आणि धंदा बसला. त्या आज सभेला आलेल्या नाहीत. का, ते आपण जाणतोच.

म्हणून माझे मागणे असे: भाडे थोडे असावे, पण घ्यावेच, फुकटच्या जागेवर कुणाचाच हक्क राहत नाही, हे आपण पाहिले. मुदत दोन वर्षांची, लेखी. दोन वर्षांनी पिल्लाने घरट्याबाहेर पडावे, म्हणजे पुढचीला जागा होईल. आपल्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी दर गुरुवारी तासभर वह्या तपासायचे कबूल केले आहे. मंडळाचे दुकान होईल, असे काहींना वाटते. होऊ द्या की! भजन सायंकाळी असते, चक्की दुपारी चालेल.

खोलीची किल्ली सध्या माझ्यापाशी आहे. कार्यकारिणीचा निकाल लागला की उघडीन. त्याआधी उद्या सकाळी त्या भगिनीच्या घरी जाणार आहे. सोबत कुणी येईल तर बरे वाटेल.