आमचा पैलवान
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकानं दहा मिनिटं आपल्या वाटचालीबद्दल बोलायचं. माझ्या आधी बोललेल्यांपैकी कुणी कारखाना काढला, कुणी मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालं, कुणाची नातवंडं अमेरिकेत आहेत. माझी सगळी नोकरी बँकेत झाली. तांबडा-पांढरा रस्सा आत्ताच झालाय. मी बँकेबद्दल दहा मिनिटं बोललो तर निम्मा वर्ग घोरायला लागेल, आणि गणिताच्या तासाला तसं झाल्यावर काय व्हायचं ते आपल्याला आठवतंय. म्हणून मी आमच्या घरच्या मांजराबद्दल बोलणार आहे. हसा, हसा. हसण्यासाठीच सांगतोय.

त्याचं नाव पैलवान. २०१६ च्या पावसाळ्यात आमची धाकटी क्लासवरून येताना त्याला ओल्या ओढणीत गुंडाळून घेऊन आली. मूठभर जीव, पांढऱ्या अंगावर पिवळे डाग. फरशीवर ठेवलं तर चार पाय चार दिशांना. चालायला लागलं की मागचा भाग पुढच्याला ओव्हरटेक करायचा. बशीत दूध दिलं तर मान थरथरायला लागली, नेम चुकला आणि डोळ्यांपर्यंत तोंड बशीत. मग एक शिंक आली, आणि त्या शिंकेच्या धक्क्यानं गडी मागच्या मागं उताणा.

आमचे वडील, आण्णा, आरामखुर्चीतून बघत होते. म्हणाले, "ह्ये मांजार हाय का गुत्त्यावरनं आलेलं गिऱ्हाईक?"

आण्णा तरुणपणी पेठेतल्या तालमीत घुमलेले. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाच्या मातीत कुस्ती केली होती, हे ते चहाइतक्या वेळा सांगायचे. त्यांचा हिशेब सरळ होता. मांजर हा असा एकमेव पैलवान, की ज्याची पाठ कधी जमिनीला लागत नाही. आणि हे एक मांजर असं, की दिवसातून दहा वेळा चितपट. म्हणून थट्टेनं त्यांनीच नाव ठेवलं, पैलवान.

आण्णांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. मांजर उलटं पडलं तरी चार पायांवर कसं उतरतं, हे कोडं मोठमोठ्या विद्वानांना पडलं होतं. १८९४ साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं पडणाऱ्या मांजराचे एकापाठोपाठ एक झरझर फोटो काढून ते दाखवलं. हवेत आधाराला काही नसताना मांजर आधी पुढचे पाय जवळ घेतं आणि मागचे ताणतं, की पुढचा भाग गर्रकन वळतो. मग पुढचे ताणून मागचे जवळ घेतं, की मागचा भाग वळतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग त्याला वर कुठं नि खाली कुठं ते सांगत असतो. सहा-सात आठवड्यांच्या पिल्लाला हा डाव बिनचूक जमतो. आमच्या पैलवानाला तो शेवटपर्यंत जमला नाही.

आणि हे आपल्या कोल्हापुरात! एके काळी इथल्या संस्थानाचे शिकारी चित्ते देशभर प्रसिद्ध होते. आफ्रिकेतून आणलेले चित्ते डोळ्यांवर टोप्या घालून माळावर नेत आणि काळविटांवर सोडत. आण्णांच्या वडिलांनी ते डोळ्यांनी पाहिले होते. चित्ता डरकाळी फोडत नाही, तो घरच्या मांजरासारखा गुरगुरतो, हेही ते सांगायचे. ज्या गावानं वाऱ्यासारखी पळणारी मांजरं पाळली, त्याच गावात आमच्या पैलवानाला दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात पोचायला दोन विश्रांत्या लागायच्या.

त्याचे पराक्रम किती सांगू? ओट्यावर उडी मारायचा त्याचा नेम कायम चार बोटं चुकायचा. एकदा तो मळलेल्या कणकेच्या परातीत उतरला. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला उचललं तर परातीत चार पायांचे आणि एका शेपटीचा छाप. दुसऱ्या दिवशी तुळशीच्या कुंडीत. तिसऱ्या दिवशी सुकायला टाकलेल्या सांडग्यांवर. प्रत्येक वेळी पडल्यावर तो काय करायचा, तर शांतपणे बसून पंजा चाटायचा. जणू काही त्याला तिथंच यायचं होतं आणि पंजा चाटायचं काम मगाशीच ठरलं होतं.

त्याला चढणं मात्र जमायचं, कारण चढताना नखं रोवता येतात. थोरलीला बघायला पाहुणे आले तेव्हा हा पडद्यावर चढून बसला होता. कुणाचं लक्ष नव्हतं. मुलाचे वडील पोह्यांची बशी हातात घेऊन गंभीरपणे विचारत होते, "मुलीला स्वयंपाक येतो ना?" तेवढ्यात वरून पैलवान थेट बशीत. पोहे त्यांच्या कोटावर, लिंबाची फोड खिशात. घरात चिडीचूप. मला वाटलं, झालं, मोडली सोयरीक. पैलवान त्यांच्या मांडीवर नीट बसला आणि पंजा चाटायला लागला. ते गृहस्थ दोन मिनिटं त्याच्याकडे बघत राहिले आणि असे हसत सुटले की डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "घर चांगलं आहे." लग्न झालं. व्याही आजही फोनवर आधी पैलवानाची चौकशी करतात, मग माझी.

आता थोडं गंभीर. पिल्लू तीन महिन्यांचं झालं तरी पाय सावरेनात, म्हणून आम्ही पशुवैद्यांकडे नेलं. शेजारच्या एकांनी आधीच सल्ला दिला होता, "इंजेक्शन देऊन मोकळं करा बिचाऱ्याला." डॉक्टरांनी त्याला टेबलावर चालवून बघितलं, बोटासमोर नाक आणायला लावलं. जसजसं जवळ यावं तसतशी मान जास्त हलते, हे दाखवलं. म्हणाले, याच्या लहान मेंदूची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या भागाची, वाढच पुरती झालेली नाही. मांजरांत एक विषाणूचा रोग असतो. पोटुशी मांजरीण त्याच्या तडाख्यात सापडली तर पोटातल्या पिल्लांचा हा भाग वाढत नाही. वेळेवर लस दिलेली असती तर हे टळलं असतं.

मी विचारलं, "त्याला दुखतं का?"

"अजिबात नाही. हे वाढणार नाही, बरंही होणार नाही. दुसऱ्या मांजराला या थरथरण्याची लागण होणार नाही. गच्चीवर सोडू नका, बशी जड ठेवा, घरात पाय घसरणार नाहीत असं काहीतरी अंथरा. बाकी हा बाकीच्या मांजरांइतकाच जगेल. आपण वाकडं चालतो हे त्याला माहीतच नाही."

मित्रहो, हे एवढ्यासाठी सांगितलं, की तुमच्या दारात असं एखादं पिल्लू आलं तर घाईनं मोकळं करू नका. आणि घरात मांजर असेल तर लस चुकवू नका.

आम्ही लक्ष्मीपुरीतून काथ्याच्या चटया आणल्या आणि घरभर अंथरल्या. आण्णा वैतागले. "मांजरासाठी पायघड्या! आमच्यासाठी कधी अंथरल्या न्हाईत."

त्यांच्यासाठी त्या पुढच्याच वर्षी लागल्या. २०१७ च्या दिवाळीनंतर एका पहाटे आण्णांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. जीव वाचला, पण जोर-बैठकांचं ते शरीर काठीवर आलं. व्यायाम शिकवायला रोज एक ताई यायच्या. आण्णा त्यांच्यासमोर उठायलाच तयार नसत. मी घरी असलो तर नाही, सून समोर असली तर नाही. ज्याची पाठ मैदानात कुणी लावली नाही, त्यानं पोरांसमोर भेलकांडायचं? नातेवाईक भेटायला आले की झोपेचं सोंग घ्यायचे.

एक दिवस दुपारी मी बँकेतून लवकर आलो. दार लोटलेलं होतं. आतून आण्णांचा आवाज आला, "ऊठ. पुन्यांदा." मी फटीतून बघितलं. पैलवान चटईवर पडला होता. उठला, तीन पावलं टाकली, पुन्हा कलंडला, पुन्हा उठला. आणि त्याच्या मागं, भिंतीला हात लावून, आण्णा. तो पडला की हे थांबायचे. तो उठला की हे पाऊल टाकायचे. दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोघांनी फेरी पुरी केली, आणि खुर्चीत बसल्यावर आण्णा त्याला म्हणाले, "तुला लाज न्हाई रं, म्हणून तुला जमतंय."

मी तसाच पावलं न वाजवता बाहेर गेलो, कोपऱ्यावर चहा घेतला आणि नेहमीच्या वेळेला घरी आलो. त्या दिवशी मी काय पाहिलं हे आण्णांना कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतोय. दोन महिन्यांनी आण्णा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायला लागले. लोक बघायचे. ते म्हणायचे, "बघू द्यात."

मग २०१९ चा ऑगस्ट आला. तुमच्यापैकी जे कोल्हापुरात होते त्यांना मी काय सांगू? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अलीकडं. रात्री अंगणात आलेलं पाणी सकाळी खिडकीला लागलं. आम्ही वरच्या मजल्यावर. दुपारी बोट आली. आण्णांना खुर्चीसकट उतरवायची तयारी झाली तर ते म्हणाले, "पैलवान आल्याबिगर मी हलत न्हाई."

बोटीवरचा पोरगा घाबरला. त्यानं खालून विचारलं, "काका, अजून किती माणसं हाईत? पैलवानाचं वजन किती?"

आण्णा म्हणाले, "साडेतीन किलो."

त्या परिस्थितीतही बोटीतली सगळी माणसं हसली. शेजाऱ्यांकडून कोंबड्यांचं डालगं घेतलं, त्यात पैलवानाला घातलं, वर ओढणी बांधली आणि डालगं आण्णांच्या मांडीवर दिलं. बोट हलायला लागली. आमची तोंडं पांढरी पडली. सौभाग्यवतींनी माझा हात असा धरला होता की दोन दिवस वळ होता. एकटा पैलवान डालग्यातून बाहेर बघत शांत बसला होता. त्याच्या पायाखालची जमीन जन्मापासून हलतच होती. त्या दिवशी फक्त आमची हलायला लागली होती.

राजारामपुरीत मावसभावाकडं आम्ही नऊ दिवस राहिलो. पाणी उतरल्यावर परत आलो तर घरात घोटाभर चिखल, कपाटं फुगलेली, फोटो गेलेले. या शाळेचा आपला दहावीचा ग्रुप फोटोही त्यातच गेला. मगाशी मी कुणाकुणाकडून तो मोबाइलवर मागत होतो तो त्यासाठी. काय काय घ्यायचं याची यादी करायला बसलो. फ्रिज, गादी, मिक्सर. आण्णा म्हणाले, "आदी चटया लिव्ह." मी म्हटलं, पैलवानासाठी ना? तर म्हणाले, "दोघास्नी."

आण्णा २०२२ च्या थंडीत गेले. शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर न्हाणीघरापर्यंत गेले, हा त्यांचा मोठा अभिमान. पैलवान आहे अजून. वय झालंय, मिशा गळल्यात, पण नेम तसाच चुकतो. सकाळी उठला की दिवाणखान्याची एक फेरी मारतो, मधे एकदा कलंडतो, आणि आण्णांच्या खुर्चीपाशी जाऊन बसतो. सवय आहे म्हणा. मांजराच्या मनातलं आपल्याला काय कळणार?

वर्गमित्रांनो, मगाशी जेवणाच्या रांगेत मी बघत होतो. कुणाचा गुडघा बदललाय, कुणी जिना चढायला कठडा शोधतंय. एकजण काठी खुर्चीमागं लपवून ठेवून फोटोला उभा राहिला. नाव घेत नाही, तो आता माझ्याकडं डोळे वटारून बघतोय. अरे, काढ बाहेर ती काठी. इथं कुणापुढं लाज? आपण एकमेकांना अर्ध्या चड्डीत पाहिलंय, पाढे चुकताना पाहिलंय, कवायतीत उजवीकडं वळ म्हटल्यावर डावीकडं वळताना पाहिलंय.

पुढचा मेळावा पाच वर्षांनी आहे म्हणे. तोवर आपण सगळे थोडे आणखी पैलवानासारखे चालायला लागलेले असू. तरी या. कुणी कलंडलं तर बाकीचे थांबू आणि तो उठला की पुढं जाऊ. आणि संयोजकांना एक विनंती, त्या वेळी हॉलमध्ये काथ्याच्या चटया अंथरा. वर्गणी माझ्याकडून.